सुभेदारांची रमकॉफी

सुभेदार मुळात सुभेदार नव्हतेच. सैन्यातून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि तेही अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बार सांभाळणारे हवालदार. पण शिवाजी पेठेतल्या आमच्या इमारतीत ते राहायला आले, लोकांनी त्यांच्या मिशा पाहिल्या, आणि आठवडाभरात दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी त्यांना सुभेदार करून टाकलं. त्यांनीही ही बढती मुकाट्यानं घेतली. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "वैनी, लोकं मोठं करत्यात तर करू द्या की. आपुन हून कशाला ल्हान व्हायचं?" मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं. आता आठवलं की चीड येते.

या माणसाबद्दल मला राग बाजूला ठेवून लिहिता येणार नाही, हे आधीच सांगते. तसा प्रयत्न एकदा करून पाहिला. पण राग काढला की सुभेदारांचं चित्रच पुसट होतं, कारण त्यांच्यावर माझा जीव होता तितकाच हा रागही आहे.

मूळचे ते शाहूवाडी तालुक्यातले. भाताचं गाव, वर्षातले चार महिने पाऊस. उंच, काटकुळे, सत्तरीला आले तरी पाठ ताठ. हिवाळा असो की मे महिना, अंगात तो मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर. जिन्यात कुणी भेटलं की कडक नमस्कार, आणि समोरची बाई असेल तर भिंतीला चिकटून वाट देणार. भाजीवालीशी कधी घासाघीस करायचे नाहीत. घासाघीस करणाऱ्याकडे मात्र असं बघायचे, की त्यानं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवावी. त्यांच्या पत्नीला, शांताक्कांना, ते "आक्का" म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. कुठल्याही कामाच्या शेवटी "हुकूम म्हंजे हुकूम" असं म्हणायची त्यांना खोड होती. आक्कांनी दळण आणायला सांगितलं तरी पिशवी उचलून "हुकूम म्हंजे हुकूम" आणि चालू लागायचे.

आणखी एक गोष्ट. त्यांना गार भांडं खपत नसे. जेवायला बसले की ताटावर आधी गरम पाणी ओतायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "गार भांड्यात गरम जिन्नस वाढणं म्हंजे पावण्याला दारातच उभं करणं." असं काहीतरी ते सहज बोलून जायचे आणि माझ्यासारखी बाई ते दिवसभर मनात घोळवत बसायची. शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे अशी वाक्यं बोलणारी माणसं मला फारशी भेटली नव्हती.

त्यांची खरी ओळख मात्र वर, गच्चीवर. कोल्हापूरची थंडी ती काय, असं पुण्याची माणसं म्हणतात. त्यांना एकदा डिसेंबरात संध्याकाळी रंकाळ्यावरून वारा सुटल्यावर आमच्या गच्चीवर उभं करायला हवं. गुऱ्हाळं सुरू झाली, पहिली काकवी घरात आली, की सुभेदारांचा हंगाम सुरू व्हायचा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ते आपली लोखंडी ट्रंक उघडत. ट्रंकेत एक छोटा गॅस, जाड बुडाचे पांढरे मग, कॉफी, जायफळ, किसणी, काकवीची बाटली, आणि कँटीनच्या कोट्यातली रम.

करण्याची पद्धत ठरलेली. आधी सगळ्या मगांत उकळतं पाणी. मग एका वाडग्यात कॉफीची पूड, काकवी आणि चमचाभर गरम पाणी घालून ते फेटायला बसायचे. रंग काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा मातकट पिवळा होईपर्यंत हात थांबत नसे. तोवर म्हशीच्या दुधाला उकळी येई, त्यात जायफळ किसलं जाई. मगातलं पाणी फेकून त्यात आधी रम, मग फेटलेली कॉफी, वरून दूध, आणि सगळ्यात शेवटी चमच्याच्या पाठीवरून सोडलेली पातळ साय. "रम उकळायची न्हाई," हे ते प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचे. "उकळली की तिच्यातला जीव उडून जातोय. मागं नुसता वास ऱ्हातोय."

बर्फाच्या मुलखात कुठे कुठे ते हे शिकले, ते सांगताना जागांची नावं गाळत. सरकारी गुपित असल्यासारखे गालात हसत आणि म्हणत, "लई वर. इतकं वर, की थुकलं तर खाली दगड पडायचा." मात्रेला त्यांनी हुद्दे दिले होते. बाटलीचं एक झाकण म्हणजे शिपाई, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. त्यापुढचा हुद्दा फक्त त्यांचा. कुणाला सर्दी झाली असेल तर बिनदुधाची कॉफी, ब्रँडी, लवंग आणि संत्र्याची साल. त्या मगाचं नाव "दवाखाना".

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. आमचे हे, म्हणजे वसंतराव, जेवणाआधी पाय मोकळे करायला म्हणून गच्चीवर जायचे आणि फार प्रसन्न होऊन परत यायचे. एका संध्याकाळी उन्हाला टाकलेल्या गोधड्या आणायला मी वर गेले, तर टाकीमागे मैफल बसलेली. दूध डेअरीतले सर्जेराव, वीज मंडळातून निवृत्त झालेले कांबळे साहेब, आमचे हे, आणि समोर सुभेदार. मला बघताच सर्जेरावांनी मग पाठीमागे लपवला. एवढा थोराड माणूस, नातवंडांचा आजोबा!

"अगं, नुसती कॉफी आहे," हे म्हणाले.

वास माझ्यापर्यंत पोचला होता. "मग मलाही द्या," मी म्हटलं.

 असं काही विचारायचं माझ्या मनातही नव्हतं, पण हे ज्या तऱ्हेनं "नुसती कॉफी" म्हणाले त्यानं माझं डोकं फिरलं. तेव्हा सुभेदार उठले आणि म्हणाले, "द्यायची की! का न्हाई? थंडी काय बापयालाच वाजती व्हय? पर वैनी, त्या गोधड्या तेवढ्या खाली ठिवून या. गोधडी घिऊन बसलासा तर आमची कॉफी कशाला पायजे?"

सगळे हसले. मी गोधड्या खाली ठेवून, शाल घेऊन परत आले. जिन्यात मला हे भेटले, वरून निम्म्यापर्यंत उतरून पुन्हा वर चाललेले. मी वर पोचले तेव्हा सुभेदार वाऱ्याकडे आणि आमच्याकडेही पाठ करून माझा मग भरत होते. तसेच ते नेहमी उभे राहायचे, गॅस विझू नये म्हणून.

पहिल्या घोटाला घसा जळला. दुसऱ्याला कान गरम झाले. नंतर मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. पन्नाशी ओलांडलेली बाई मी. लग्नकार्यात बायकांची पंगत शेवटी, शाळेच्या सहलीत बायकांची खोली कोपऱ्यात, गप्पा रंगात आल्या की बायकांनी चहा करायला उठायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. आणि या झुबकेदार मिशांच्या शाहूवाडीकरानं मला सरळ जागा दिली, पुरुषांच्या मगासारखाच मग दिला. मी त्या रात्री झोपताना ठरवून टाकलं, की कोल्हापुरात एक तरी माणूस आहे.

पुढच्या हिवाळ्यात मला बढती मिळाली. सुभेदारांनी सगळ्यांना उभं केलं, माझ्याच पर्समधला खडू मागून घेतला आणि माझ्या शालीच्या काठावर दोन रेघा ओढल्या. "आजपासनं वैनी नाईक!" सर्जेरावांनी तोंडानं बिगूल वाजवलं. मी त्या रेघा झटकल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेतही ती शाल तशीच पांघरून गेले. त्यानंतरच्या एका जानेवारीत मी हवालदार झाले. तीन झाकणं! मैत्रिणींना सांगताना मी उगाच आवाज बारीक करायचे, पण सांगायचे जरूर.

त्या माणसाचा वचक काय होता, तेही सांगायला हवं. एकदा सर्जेरावांचे कुणी पाहुणे बिद्रीहून आले होते. मला मग हातात घेतलेली बघून त्यांचे डोळे मिचमिचले. म्हणाले, "काय बाई, तुमी बी? आमच्याकडं बायका असल्या बैठकीला बसाय लागल्या तर गावात ऱ्हाता यायचं न्हाई." हे सायीवर फुंकर घालत राहिले. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सुभेदारांनी पाहुण्यांच्या हातातला मग काढून घेतला, गच्चीच्या मोरीत शांतपणे ओतला, आणि जिन्याकडे हात करून म्हणाले, "पावणं, वाट तिकडं हाय. ह्या गच्चीवर आदी वैनींचा मान, मग कॉफी." पाहुणे उतरून गेले. सर्जेरावांना वाईट वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते वाऱ्यावर ढकललं.

आता मुख्य गोष्ट. मी तरुण असताना आमच्या संस्थेनं मला गडहिंग्लजच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून जायला विचारलं होतं. मला विचारलं असं मी म्हणते, पण विचारणा झाली ती यांच्याकडे. संस्थेचे सेक्रेटरी यांच्या ओळखीचे. यांनी परस्पर सांगून टाकलं, की तिला जमायचं नाही, घरची अडचण आहे. मला ते कळलं महिन्याभरानं, एका सहकारी बाईकडून, तेही ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्यावर. मी भांडले नाही. आमच्या घरात त्यावर पुढे कधीच कुणी बोललं नाही.

एका संध्याकाळी गच्चीवर कांबळे साहेब सांगत होते, की त्यांच्या मुलीची बदली चंद्रपूरला झाली. सर्जेराव म्हणाले, "रद्द करून घ्या की, साहेब. पोरीच्या जातीला एवढं लांब..." कांबळे साहेब म्हणाले, "नोकरी तिची हाय. जायचं का न्हाई ते ती ठरवंल." एवढंच. आणि माझ्या तोंडातून वीस वर्षांपूर्वीचं गडहिंग्लज बाहेर पडलं. सगळ्यांसमोर मी यांना म्हणाले, "तुम्ही मला न विचारता माझ्या वतीनं नाही म्हणालात. मी गेले असते. मी आनंदानं गेले असते." आणखीही बरंच बोलले. हे मगात बघत बसले. मला वाटलं, आपण थांबायला हवं. पण सुभेदारांनी माझ्या मगात आणखी थोडं ओतलं आणि हळूच म्हणाले, "बोला, वैनी. हितलं हितंच ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे म्हणाले, "काल जरा जास्तच झाली तुला. तू कुठं बोलत होतीस? रम बोलत होती." आणि मी मान डोलावली! मला बरंच वाटलं. भांडण मिटलं, कुणालाच उत्तर द्यावं लागलं नाही, सगळं रमेवर ढकलून आम्ही चहा प्यायलो.

मग मागच्याच्या मागच्या डिसेंबरात मी लेकीकडे बंगळूरला गेले. जावई हौशी. म्हणाला, "आई, आज गारठा आहे, मी कॉफीत थोडी रम घालणार आहे. तुम्हाला चालणार नाही ना?" मी हसले. म्हटलं, "कुणाला विचारतोस? मी हवालदार आहे." त्याच्या हातून बाटली घेतली, तीन झाकणं स्वतः ओतली. पहिला घोट घेतला आणि कळलं, की हे काहीतरी निराळं आहे. आमच्या कॉफीनं घसा जळायचा. इथे छातीपासून पोटापर्यंत कुणी काडी ओढल्यासारखं झालं. मला वाटलं, याची रम हलक्या प्रतीची असणार. आपली नाचक्की नको म्हणून तो मग संपवला, वर दुसराही घेतला. पुढचं लेकीकडून ऐकलेलं बरं. मी सोफ्यावरून उठताना सोफाच माझ्याबरोबर उठला असं मला वाटलं. मोठमोठ्यानं पाढे म्हटले. मग बेसिनवर वाकले, आणि जावई बिचारा बाहेर टॉवेल धरून उभा.

सकाळी डोकं ठणकत असताना लेक म्हणाली, "आई, तू खरंच दर हिवाळ्यात एवढी पितेस?"

मी डोक्याला बाम चोळत राहिले. परतीच्या बसमध्ये मात्र विचार करायला भरपूर वेळ होता. तीन-तीन झाकणं पिऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत फळ्यावर प्रमेय सिद्ध करत उभी राहायचे. कधी डोकं दुखलं नाही, कधी जीभ अडखळली नाही. हे प्यायलेत ते मला दारातच ओळखू यावं इतके लाल व्हायचे, मी कधीच नाही. पाचवीच्या पोराला सुटलं असतं असं ते गणित. बेळगाव मागे पडेपर्यंत मी ते सुटू नये म्हणून धडपडत होते.

घरी परतल्यावर मी कुणाला काही विचारलं नाही. संध्याकाळी शाल घेऊन नेहमीसारखी वर गेले. सुभेदारांनी पाठ करून मग भरले, एकेकाच्या हातात दिले. मी माझा खाली ठेवला आणि शेजारच्या सर्जेरावांच्या हातातला काढून घेतला.

"वैनी, त्यो माजा..." सर्जेराव म्हणाले.

मी मोठा घोट घेतला. बंगळूरची काडी पुन्हा ओढली गेली. मग माझा मग उचलून मी कांबळे साहेबांपुढे धरला. "साहेब, चाखून बघा. यात काय आहे?"

कांबळे साहेबांनी मग घेतला नाही. खाली बघत म्हणाले, "वैनी, मला चाखायची गरज न्हाई."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून, प्रत्येकाला. खडूच्या रेघा ओढताना बिगूल वाजवणाऱ्या सर्जेरावांनाही. मी यांच्याकडे बघितलं, तर हे टाकीच्या नळाकडे असे बघत होते जणू तो गळतोय. सुभेदार ताठ उभे राहिले, दोन्ही हात मांड्यांना लावून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या दिवसापास्नं."

"आणि घसा कशानं जळायचा?"

"सुंठ, मिरी आन् लवंग. वासाला केकात घालत्यात ते रमचं इसेन्स. बेकरीत मिळतंय." मग जरा थांबून, खरं सांगते, काहीशा अभिमानानं म्हणाले, "तुमच्या मगाला मला दुप्पट कष्ट पडायचं, वैनी."

हसावं की तो मग त्यांच्या अंगावर फेकावा, मला कळेना. "का?" मी विचारलं.

"तुमच्या मालकांनी त्या दिशी जिन्यातनं मला बलिवलं. म्हणलं, तिला दिऊ नका, पर न्हाई बी म्हणू नका, ती चिडंल. घरच्या माणसानं सांगितल्यावर... हुकूम म्हंजे हुकूम."

"हुकूम त्यांचा आणि कॉफीचा मग माझा?"

"वैनी, मी तुमचा मान राखला. उद्या कोन म्हणलं असतं, सुभेदारानं बाईमाणसाला दारू पाजली..."

"मान?" माझा आवाज चिरकला. "तो बिद्रीचा पाहुणा परवडला, सुभेदार. त्यानं जे वाटलं ते तोंडावर सांगितलं. त्याला तुम्ही हाकलून दिलंत, आणि त्याच्याच मनासारखं वागलात. मला लहान पोरीसारखं चुलीपुढं खोटं खोटं लाटणं दिलंत."

मी शाल सावरून निघाले. जिना उतरताना मागून त्यांचा आवाज आला, "त्या दिशी गडिंग्लजचं बोललासा, ते तुमीच बोललासा, वैनी. रम न्हवती बोलली." त्यांना वाटलं असावं की हे ऐकून मला बरं वाटेल. मी वळून म्हणाले, "हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं होतं. तेव्हा मला ते हवं होतं."

घरी आल्यावर यांना मी एकच प्रश्न विचारला. "रम बोलत होती म्हणालात. कुठली रम?" मगात रम नव्हती हे यांना ठाऊक होतं. शुद्धीवर असलेली बायको वीस वर्षांचं दुखणं बोलून दाखवतेय हे ठाऊक होतं, आणि तरी सकाळी ब्रश तोंडात धरून यांनी ते नसलेल्या दारूच्या नावावर टाकलं होतं.  "तुझ्या भल्यासाठीच," एवढं हे म्हणाले. गडहिंग्लजच्या वेळी विचारलं असतं तर तेव्हाही हेच म्हणाले असते.

तरी माझा सगळा राग वळला सुभेदारांवर. लोकांना ते विचित्र वाटलं. आक्का म्हणाल्या, "वैनी, ह्येंनी सांगितल्यालंच केलं नव्हं?" खरं आहे. पण नवऱ्याकडून असल्या बाबतीत काही मागायचं मी केव्हाच सोडलं होतं. सुभेदारांकडून काही मागितलंच नव्हतं, त्यांनी आपणहून दिलं होतं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तो केस फार मऊ असतो, आपण तो कौतुकानं हातात घेऊन बघितलेला असतो.

मी गच्चीवर जाणं बंद केलं. सुभेदार जिन्यात दिसले की पूर्वीसारखेच भिंतीला लागून उभे राहायचे, "वैनी, नमस्कार." मी "हं" म्हणून पुढे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आक्कांना निरोप देऊन धाडलं, "एकदा वर या म्हणत्यात. तुमच्या समोर ओततो म्हणत्यात." मी नाही गेले. आता समोर ओतून मागच्या हिवाळ्यांचं काय होणार होतं? मी नसल्यावर बैठकीचा रंगही गेला म्हणे. कांबळे साहेबांनीच पहिल्यांदा जाणं सोडलं. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं.

यंदा दिवाळीनंतर सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाणी जड झाली. मुलानं त्यांना गावी न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी आक्का स्वतः खाली आल्या. "उद्या निघतोय. एकदा येऊन जावा," म्हणाल्या. मी नाही म्हणू शकले नाही.

सुभेदार खिडकीशी खुर्चीत बसले होते. तोच स्वेटर, पण आता त्यात ते हरवल्यासारखे दिसत होते. मिशा कुणीतरी दुसऱ्यानं कातरलेल्या, एका बाजूला जरा जास्त. मला बघताच ते खुर्चीत ताठ व्हायला गेले. मग शब्द एकेक उचलून पुढे ठेवल्यासारखे बोलले, "वैनी. कॉफी. तुमी करा."

ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. आक्कांनी ती पुन्हा सोडली. मी त्यांच्या समोरच, टेबलावर सगळं मांडलं. दोन मग गरम पाण्यानं तापवले. काकवी आणि कॉफी फेटली. माझा हात दुखायला लागला तरी रंग पालटेना, आणि ते डाव्या हाताच्या बोटानं "अजून, अजून" अशी खूण करत होते. दूध झालं, जायफळ झालं. मग मी बाटली उघडली. माझ्या मगात तीन झाकणं ओतली, प्रत्येक झाकण त्यांना दिसेल असं धरून. त्यांच्या मगात काही नाही. दोन्हीवर साय सोडली आणि त्यांचा मग त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"सुभेदार," मी म्हणाले, "तुमच्या मगात रम नाही. डॉक्टरांनी नको सांगितली आहे. वास यावा म्हणून दुसरंही काही घातलेलं नाही. सांगून देतेय."

त्यांनी मगाकडे बघितलं. मग माझ्याकडे.  खिडकीतून खालच्या गल्लीतला स्कूटरचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी डाव्या हाताच्या पाठीनं मग हळूच लांब सरकवला.

"तर मग नको," ते म्हणाले.

"अवं, घ्या की घोटभर," आक्का म्हणाल्या. "वैनींनी एवढी केल्या."

"न्हाई. नुसती नको."

मला राग आला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं. त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांना नको म्हणता आलं. मला एवढंच हवं होतं. रमेचं मला काय कौतुक? कुणीतरी मला खरं सांगावं आणि मग माझं मी घेईन किंवा सरकवीन, एवढंच मी त्या गच्चीवर मागितलं होतं, आणि ते मला मिळालं आहे अशा भ्रमात मी सहा-सात हिवाळे काढले. मी त्यांना माफ केलं का, असं आक्कांनी दारात विचारलं. मी म्हटलं, नाही. खोटं कशाला बोलू?

पण त्याआधी मी माझा मग उचलला आणि त्यांच्या समोर बसून सावकाश प्यायले. ते एकटक बघत होते, जणू घोट त्यांच्याच घशाखाली उतरत होता. माझा मग निम्मा झाला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पुसायला उजवा हात उचलायला गेले, तो उचलला नाही.

"चढंल, वैनी," ते म्हणाले.

"चढू दे," मी म्हणाले, आणि मग रिकामा केला.

खाली येताना मला कठड्याला धरून एकेक पायरी उतरावी लागली. खरंच चढली होती.